भिंतीतील शेगडी व उष्ण हवेचे वितरण

थंड हवामानाच्या प्रदेशांत घराच्या भिंतीत बांधलेल्या शेगडीतील विस्तवाने हवा तापवून ती नलिकांद्वारे किंवा भिंतीतील पोकळ मार्गांद्वारे इतर खोल्यांत पोहोचविण्याची पद्धती. या पद्धतीत शेगडी ज्या खोलीत असते ती खोली विस्तवाच्या प्रत्यक्ष प्रारणाने, म्हणजे किरणरूपाने येणाऱ्या उष्णतेने, तापते. उरलेल्या खोल्यांना हवेच्या प्रवाहाबरोबर वाहून आणलेली उष्णता मिळते. जुन्या शेगडीच्या पोकळीत बसविण्याच्या दुहेरी भिंतींच्या बंद लोखंडी पेटीला ‘इन्सर्ट’ म्हणतात. यूरोप व उत्तर अमेरिका येथे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ही पेटी या पद्धतीचे मुख्य साधन झाली. तथापि तिच्यामागील कल्पना सु. चारशे वर्षांची आहे.

उघड्या शेगडीचा मुख्य दोष तिच्या धुराड्यातच असतो. विस्तव पेटला म्हणजे धुराड्यातील वायू तापून हलके होतात व वर चढतात. त्यांची जागा घेण्यासाठी खोलीतील हवा शेगडीकडे ओढली जाते आणि तितकीच थंड हवा दारेखिडक्यांच्या फटींतून आत येते. म्हणजे जो विस्तव माणसाला शेकतो, तोच खोलीतील ऊबदार हवा घराबाहेर घालवितो. धुराडे बंद केले तर धूर घरात कोंडतो. त्यामुळे विस्तवाची उष्णता घरभर न्यावयाची, पण धूर मात्र नेऊ द्यावयाचा नाही, असा हा दुहेरी प्रश्न आहे. या पद्धतीचा इतिहास हा मुख्यतः धूर आणि श्वासोच्छ्वासाची हवा हे दोन प्रवाह एकमेकांपासून अलग ठेवण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय.

प्राचीन व मध्ययुगीन पद्धती : प्राचीन काळी हे दोन प्रवाह वेगळे केले जात नसत, तापलेला धूरच जमिनीखालून किंवा भिंतींतून खेळवीत आणि माणसांना त्याचा स्पर्श होऊ देत नसत. रोमन स्नानगृहांत विटांच्या आखूड खांबांवर फरशी उचललेली असे व तिच्याखालच्या पोकळीतून भट्टीतील उष्ण वायू फिरत. व्हिट्रूव्हिअस या रोमन वास्तुशास्त्रज्ञाने इ. स. पू. पहिल्या शतकात या खांबांची उंची दोन फूट सांगितली असून, खालच्या तळाला भट्टीच्या तोंडाकडे उतार द्यावा असेही म्हटले आहे. पुढे भिंतींतही चौकोनी पोकळ कौले बसवून त्यांतून हे वायू वर नेण्यात येऊ लागले. कोरियातील ‘ओंडोल’ व उत्तर चीनमधील ‘कांग’ या पद्धतींत स्वयंपाकाच्या चुलीचा धूर झोपण्याच्या व बसण्याच्या जागेखालून नेऊन मग बाहेर सोडतात. काश्मीरमधील मशिदींत व घरांत आढळणारा ‘हमाम’ याच वर्गातील असून त्यात दगडी फरशीखाली लाकडे जाळतात. महाराष्ट्रातील दुतोंडी चुलीच्या वैलावर मुख्य चुलीतून पुढे जाणाऱ्या उष्ण वायूंचाच उपयोग होतो, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. मात्र वैलात अन्न शिजते, तर ओंडोल व हमाम यांमध्ये फरशी तापते.

या पद्धतींत उष्णता दगड-विटांतून संवहनाने येत असल्यामुळे ती संथपणे मिळते व दीर्घकाळ टिकते. तथापि फरशीला किंवा भिंतीला तडा गेल्यास धूर व विषारी वायू खोलीत शिरतात. शिवाय ज्या खोलीच्या तळाशी धूरमार्ग नाही तेथे उष्णता पोहोचत नाही.

मध्ययुगात या अडचणीवर एक लक्षणीय उपाय निघाला. ट्यूटॉनिक सरदारसंघाच्या मालबॉर्क (सध्याच्या पोलंडमध्ये) येथील किल्ल्यात तळघरातील भट्टीवर दगडांची रास रचलेली असे. प्रथम विस्तव पेटवून दगड तापवीत व धूर धुराड्यातून बाहेर जाऊ देत. विस्तव विझल्यावर आणि धूर निघून गेल्यावर धुराड्याचा मार्ग बंद करीत व वरच्या दालनाच्या फरशीतील छिद्रांवरची झाकणे काढीत. मग तापलेल्या दगडांवरून येणारी स्वच्छ उष्ण हवा त्या छिद्रांतून दालनात येई. येथे धूर व हवा यांचा मार्ग बव्हंशी एकच होता, पण वेळ वेगळी होती. एकाच वेळी दोन्ही प्रवाह चालू ठेवावयाचे, तर त्यांच्यामध्ये उष्णता जाऊ देणारा पण धूर अडविणारा पडदा हवा होता. तो पुढे लोखंडाच्या पत्र्याने पुरविला.

लोखंडी पडद्याचा उपयोग : फ्रेंच वैद्य व वास्तुविषयक लेखक लूई सावो यांनी १६२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पॅरिसच्या लूव्हर राजवाड्यातील एका शेगडीचे वर्णन केले आहे. तिच्यात विस्तवाच्या खाली व मागे लोखंडी पत्रे बसवून त्यांच्यामागे पोकळी ठेवली होती. खोलीतील हवा खालून या पोकळीत शिरे, तापून वर चढे आणि शेगडीच्या वरच्या बाजूच्या छिद्रांतून पुन्हा खोलीत येई. धूर पत्र्याच्या एका बाजूने व हवा दुसऱ्या बाजूने जाई. आजच्या पेटीतील मूलतत्त्व येथे प्रथमच स्पष्टपणे दिसते.

महाराष्ट्रात पाणी तापविण्यासाठी वापरात असलेला तांब्याचा बंब डोळ्यांपुढे आणल्यास ही रचना सहज समजते. बंबात मधल्या नळीत विस्तव असतो व तिच्याभोवती पाणी असते. पाणी विस्तवाला किंवा धुराला स्पर्श न करता तापते. पाण्याच्या जागी हवा कल्पिली म्हणजे सावो यांनी वर्णिलेल्या शेगडीचे तत्त्व मिळते.

निकोला गोझे या फ्रेंच अभ्यासकांनी १७१३ मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या तत्त्वाला शास्त्रीय स्वरूप दिले. त्यांच्या शेगडीच्या पाठीमागील पोकळीत आडवे पडदे बसविलेले होते. त्यामुळे हवेला नागमोडी मार्गाने जावे लागे व तापलेल्या धातूशी तिचा संपर्क अधिक काळ राही. त्यांनी ही हवा खोलीतून न घेता घराबाहेरून घेण्याची व्यवस्था सुचविली. धुराडे जेवढी हवा ओढून नेते तेवढी तापवूनच आत सोडली, तर फटींतून थंड हवा येण्याचे कारण उरत नाही, हे त्यांचे प्रतिपादन महत्त्वाचे होते. जॉन थीओफिलस डेसाग्युलिअर्झ यांनी १७१५ मध्ये या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले व त्याच्याद्वारे ही कल्पना अटलांटिकपलीकडे गेली.

फ्रँक्लिन यांची शेगडी : बेंजामिन फ्रँक्लिन (१७०६–९०) यांनी १७४४ मध्ये फिलाडेल्फियात ‘पेनसिल्व्हेनियन शेगडी’ची माहिती देणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. तीत त्यांनी गोझे व डेसाग्युलिअर्झ यांच्या कार्याचा उल्लेख केला आहे. या शोधामागे इंधनाची टंचाई होती. शंभर वर्षांपूर्वी प्रत्येकाच्या दाराशी मिळणारे लाकूड आता काही नगरांना जवळजवळ शंभर मैलांवरून आणावे लागते, असे त्यांनी नमूद केले आहे. उघड्या शेगडीपुढे बसणारा माणूस पुढून भाजतो व मागून गारठतो, ही तक्रारही त्यांनी मांडली.

त्यांची शेगडी बिडाच्या पत्र्यांची होती. विस्तवाच्या मागे पडद्यांनी विभागलेली एक सपाट हवापेटी असे. जमिनीखालील मार्गाने बाहेरची हवा तिच्यात येई, नागमोडी फिरून तापे व बाजूच्या पत्र्यांतील छिद्रांतून खोलीत येई. धूर हवापेटीच्या माथ्यावरून पलीकडे जाऊन तिच्या पाठीमागून खाली उतरे आणि जमिनीलगतच्या मार्गाने धुराड्याला मिळे. म्हणजे हवापेटी दोन्ही बाजूंनी तापे. आपली खोली पूर्वीच्या एक-चतुर्थांश लाकडात दुप्पट ऊबदार राहते, असा अनुभव फ्रँक्लिन यांनी नोंदविला आहे. पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरांनी देऊ केलेले पेटंट त्यांनी नाकारले. दुसऱ्यांच्या शोधांचा आपल्याला लाभ होतो, तेव्हा आपल्या शोधाचा लाभ इतरांना मोकळेपणाने द्यावा, अशी त्यांची भूमिका होती.

तथापि ही रचना व्यवहारात पूर्णपणे यशस्वी झाली नाही. तापलेल्या धुराचा स्वभाव वर जाण्याचा असताना त्याला प्रथम खाली उतरावे लागे. धुराडे आधीच चांगले तापलेले असेल तरच हे घडे. अन्यथा धूर खोलीत येई. पुढे डेव्हिड रिटनहाउस (१७३२–९६) यांनी धूर सरळ वर नेणारी काटकोनी नळी योजून हा दोष काढला. पण त्यानंतर बाजारात आलेल्या बहुतेक शेगड्यांत हवापेटीच वगळलेली होती. अशा रीतीने फ्रँक्लिन यांचे नाव ज्या शेगड्यांना मिळाले, त्यांपैकी बहुतेकांत त्यांच्या शोधाचा गाभा नव्हता. या घटनेतून एक तांत्रिक धडा मिळाला : हवा तापविण्यासाठी धुरातील उष्णता काढून घेतली, तर धूर थंड होतो व धुराड्याची ओढ कमी होते. कोणत्याही शेगडीत या दोहोंचा मेळ घालावा लागतो.

बेंजामिन टॉम्पसन, काउंट रम्फर्ड (१७५३–१८१४) यांनी नेमका उलट मार्ग धरला. उघडा विस्तव खोलीला प्रारणानेच तापवितो, असे त्यांचे मत होते. म्हणून १७९६ मधील निबंधात त्यांनी शेगडी उथळ करावी, तिच्या बाजू तिरप्या कराव्यात व धुराड्याचा गळा सु. १० सेंमी. इतका अरुंद करावा, असे सुचविले. जुन्या शेगडीत थोड्या खर्चात हे बदल करता येत असल्यामुळे त्यांचा झपाट्याने प्रसार झाला. परंतु या उपायाने शेगडीची एकच खोली तापे; शेजारच्या खोल्यांचा प्रश्न तसाच राहिला.

संपूर्ण इमारतीचे तापन : हा प्रश्न प्रथम गिरण्या व रुग्णालये यांच्या संदर्भात सुटला. इंग्लंडमधील गिरणीमालक विल्यम स्ट्रट (१७५६–१८३०) यांनी आपल्या गिरण्यांत वापरलेली पद्धती १८१० मध्ये सुरू झालेल्या डर्बी येथील रुग्णालयात योजिली. तळघरातील भट्टीवर लोखंडाचा घुमटाकृती कोश असे व त्याभोवती विटांचे आवरण असे. बाहेरची हवा जमिनीखालील लांब भुयारातून येई. त्यामुळे ती हिवाळ्यात काहीशी ऊबदार व उन्हाळ्यात काहीशी थंड होऊन भट्टीपाशी पोहोचे. तेथे ती कोशावर आदळून तापे व भिंतींतील मार्गांनी वरच्या मजल्यांवर जाई. चार्ल्स सिल्व्हेस्टर यांनी १८१९ मध्ये या व्यवस्थेचे सचित्र वर्णन प्रसिद्ध केल्यानंतर तिचे अनुकरण होऊ लागले.

क्रिमियाच्या युद्धानंतर ब्रिटिश लष्कराच्या आरोग्याची चौकशी झाली, तेव्हा शांततेच्या काळातही बराकींतील शिपायांचे मृत्युमान त्याच वयाच्या नागरिकांपेक्षा अधिक असल्याचे आढळले. दाटीवाटी व कोंदट हवा ही त्याची प्रमुख कारणे मानली गेली. वायुवीजनासाठी भिंतींत छिद्रे ठेवली तरी थंडीने गारठलेले शिपाई ती बुजवून टाकीत. म्हणून ताजी हवा पुरवावयाची असेल तर ती ऊबदार करूनच पुरविली पाहिजे, हे स्पष्ट झाले. यासाठी डग्लस गॉल्टन (१८२२–९९) या लष्करी अभियंत्याने योजलेल्या शेगडीत बाहेरची हवा शेगडीच्या मागे व धूरनळीभोवती तापून छताजवळच्या जाळीतून खोलीत येई. फ्रेंच शास्त्रज्ञ आर्थर मोरँ यांनी घेतलेल्या चाचण्यांत साध्या शेगडीतून इंधनाच्या उष्णतेचा सु. एक-अष्टमांश भागच खोलीला मिळतो, तर या शेगडीतून एक-तृतीयांशापेक्षा थोडा अधिक मिळतो, असे दिसून आले. गॉल्टन यांनीच अभिकल्प केलेल्या वुलिच येथील हर्बर्ट रुग्णालयात (१८६५) हेच तत्त्व वापरले होते.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तळघरातील कोळशाच्या भट्टीतून प्रत्येक खोलीकडे जाड नलिका नेण्याची पद्धत रूढ झाली. विजेच्या पंख्याचा प्रसार होण्यापूर्वी हवेचा प्रवाह तिच्या हलकेपणावरच अवलंबून असे. त्यामुळे नलिका रुंद व शक्य तेवढ्या उभ्या ठेवाव्या लागत. ॲलिस पार्कर या आफ्रिकी-अमेरिकी महिलेला १९१९ मध्ये मिळालेल्या पेटंटात वायुइंधनावर चालणारी भट्टी आणि वेगवेगळ्या खोल्यांकडे जाणाऱ्या उष्ण हवेचे स्वतंत्र नियंत्रण यांची योजना होती. भट्टी तळघरात गेल्यामुळे बैठकीच्या खोलीतील शेगडी बहुतांशी शोभेपुरती उरली. १९२० ते १९३० च्या दशकात अमेरिकेत ‘हीटिलेटर’ या नावाने दुहेरी भिंतींची पोलादी पेटी विक्रीस आली. ती भोवती बांधकाम करून शेगडीतच बसविता येई. त्यामुळे सावो यांनी वर्णिलेले तत्त्व कारखान्यात तयार होणाऱ्या वस्तूच्या रूपाने पुन्हा शेगडीत आले.

१९७३ च्या खनिज तेलाच्या दरवाढीनंतर लाकूड जाळणाऱ्या साधनांना पुन्हा मागणी आली. काचेचे दार असलेल्या बंद पेट्या जुन्या शेगड्यांत बसविण्यात आल्या व त्यांना विजेचा पंखा आणि नलिका जोडून शेजारच्या खोल्याही तापविण्यात येऊ लागल्या.

कार्यतत्त्व : हवा हे उष्णतेचे दुबळे वाहन आहे. एक घ. मी. हवा २०° से. पासून ६०° से. पर्यंत तापविल्यास तिच्यात सु. ४८ किलोजूल उष्णता साठते. म्हणून ५ किलोवॉट इतकी उष्णता इतर खोल्यांत न्यावयाची असल्यास दर ताशी सु. ३७५ घ. मी. हवा फिरवावी लागते. तेवढ्याच तापमानवाढीने हेच काम ताशी सु. ११० लिटर पाणी करू शकते. हवेला नलिका रुंद लागतात त्या यामुळेच; मात्र हवेची गळती झाली तरी घराची हानी होत नाही व ती गोठून नलिका फुटत नाहीत.

पंखा नसल्यास प्रवाहाला मिळणारा दाब अत्यल्प असतो. तीन मी. उंचीच्या नलिकेत ८०° से. तापमानाची हवा असून खोलीचे तापमान २०° से. असल्यास हा दाब सु. ६ पास्काल, म्हणजे पाण्याच्या ०·६ मिमी. उंचीच्या स्तंभाएवढा असतो. उभ्या व आखूड नलिकेला तो पुरतो; आडव्या, लांब किंवा अनेक वळणांच्या नलिकेला पुरत नाही. म्हणून शेगडीच्या वरच्या मजल्यावरील खोली पंख्याशिवायही तापते, पण त्याच मजल्यावरील दूरच्या खोलीसाठी पंखा आवश्यक असतो. नलिकेवर उष्णतारोधक आवरण नसल्यास पुष्कळ उष्णता वाटेतच नष्ट होते.

ज्या खोलीत उष्ण हवा सोडावयाची तिच्यातून थंड हवा परत येण्यासही मार्ग हवा. बंद खोलीत नवी हवा फारशी शिरू शकत नाही. यासाठी दाराखाली फट ठेवतात किंवा भिंतीत तळाशी जाळी बसवितात. अनेक घरांत पंखा सुरू असूनही खोली थंड राहते, याचे कारण परतीच्या मार्गाचा अभाव हे असते.

सुरक्षितता : ज्वलनपेटीतील वायू आणि वितरणाची हवा यांचा कोठेही संबंध येता कामा नये. पेटीचा पत्रा जळून छिद्र पडल्यास किंवा सांधा उघडल्यास कार्बन मोनॉक्साइड हा रंग व वास नसलेला विषारी वायू थेट शयनगृहांत पोहोचू शकतो. एका खोलीतील धोका नलिकांमुळे घरभर पसरतो, हा या पद्धतीचा अंगभूत दोष होय. दुसरा धोका दाबाच्या फरकातून उद्‌भवतो. धुराड्याची ओढ सामान्यतः १० ते २० पास्काल एवढीच असते. स्वयंपाकघरातील धूर बाहेर फेकणारा जोरदार पंखा किंवा शेगडीच्या खोलीतूनच हवा ओढून ती इतरत्र नेणारा वितरणाचा पंखा या ओढीवर मात करू शकतो. मग धूर उलटा फिरून घरात येतो. यावर उपाय म्हणून ज्वलनासाठी लागणारी हवा स्वतंत्र नळीने घराबाहेरून घेतात. शिवाय धुराडे दरवर्षी साफ करणे, नलिका लाकडी बांधकामापासून दूर ठेवणे व कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे उपकरण बसविणे आवश्यक असते.

धूर घराबाहेर गेला म्हणजे प्रश्न संपत नाही. लंडनमधील डिसेंबर १९५२ च्या घातक धूरधुक्यानंतर ब्रिटनमध्ये १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला व शहरांतील घरगुती धुरावर निर्बंध आले. अमेरिकेत लाकडी शेगड्यांच्या धुरातील कणांवर १९८८ मध्ये मर्यादा घालण्यात आली. ती २०१५ च्या नियमांनी अधिक कडक होऊन २०२० पासून दर ताशी २ ग्रॅम ठरली. यूरोपीय संघात जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार घन इंधनाच्या उघड्या शेगडीची हंगामी कार्यक्षमता किमान ३० टक्के व बंद शेगडीची किमान ६५ टक्के असावी लागते. या दोन आकड्यांतील अंतर हे बंद पेटीचे मुख्य समर्थन आहे.

विजेच्या पंख्यामुळे उष्ण हवा हव्या त्या खोलीत नेणे शक्य झाले असले, तरी हिमवादळात वीजपुरवठा खंडित होण्याचा संभव असतो व नेमकी त्याच वेळी शेगडीची गरज सर्वांत अधिक असते. पंखा थांबल्यावरही पेटी बेसुमार तापू नये व तिच्यातील हवा खालून वर आपोआप वाहत राहावी, अशी रचना म्हणूनच करावी लागते. या बाबतीत आधुनिक पेटीही सतराव्या शतकातील शेगडीप्रमाणेच उष्ण हवेच्या हलकेपणावर अवलंबून आहे.